उघड्या तोंडाचें गाणें

दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं एक लग्न झालें. लग्नांत छायाचित्रकाराचा अधिकार पुरोहिताहूनहि मोठा असतो, हें वाचकांना सांगावयास नको. त्याच्या हुकमावरून आम्ही सारे ओळीनें उभे राहिलों आणि पुढच्या रांगेंत आमची बारा वर्षांची पुतणी बसली. तिच्या दातांना त्या वेळीं तारा बसविलेल्या होत्या. मुलगी स्वभावानें हंसरी. छायाचित्रकारानें कांहीं विनोद करतांच ती खळखळून हंसली आणि उन्हांत त्या तारा चकाकल्या. आम्हीं मागून तिच्या खांद्यावर बोट टेकून हळूच म्हटलें, "बाळ, तोंड मीट. फोटो छान येईल." तिनें तोंड मिटलें. फोटो छान आला. आपण एक हिताची सूचना केली आणि ती मुकाट्यानें मानली गेली, एवढ्याच समाधानांत आम्ही जेवणाच्या पंगतीकडे वळलों. त्यानंतर ही मुलगी हंसतांना तोंडापुढें हात धरूं लागली, हें आम्हांला दिसत होतें; परंतु त्या हाताचा आणि आमच्या बोटाचा कांहीं संबंध असेल, असें मनांत आलें नाहीं.

पुढें एके संध्याकाळीं तिला बरोबर घेऊन आम्ही एका स्नेह्यांकडे गेलों. या गृहस्थांना जुन्या तबकड्या जमविण्याचा नाद आहे. आम्ही चहा घेत असतां पुतणी त्यांच्या कपाटापुढें बसून एकेक वेष्टन पाहत होती. मध्येंच ती म्हणाली, "काका, हिच्यासुद्धां दातांना तारा आहेत!" आम्हीं पाहिलें. कुरळ्या केसांची, सांवळ्या वर्णाची एक तरुण मुलगी ध्वनिक्षेपकापुढें उभी होती. अंगावर भडक रंगाचे, एकमेकांशीं मुळींच न जुळणारे कपडे होते. आणि तोंड इतकें सताड उघडें होतें कीं दातांवरची ती धातूची पट्टी कोणालाहि मोजून घेतां यावी. आमच्या स्नेह्यांनीं हंसून ती तबकडी लावली. अर्ध्या मिनिटांतच आम्हीं त्यांना आवाज कमी करण्याची विनंति केली.

आमची बाजू वाचकांनीं समजून घ्यावी. आमचा कान नाट्यपदांवर आणि भजनांवर पोसलेला. गाणाऱ्या बाईचा गळा म्हणजे तो गोड असावा, सूर जाग्यावर लागावा, तान घेतांना चेहरा वेडावांकडा होऊं नये, असे संस्कार लहानपणापासून झालेले. येथें तर गिटारी आणि ढोल यांच्या गदारोळांतून एक किंकाळी निघत होती आणि तिला सॅक्सोफोन नांवाचें पितळी वाद्य तितक्याच कर्कशपणें उत्तर देत होतें. तरी त्या रात्रीं झोंप येईपर्यंत तोच आवाज डोक्यांत राहिला. जें वाईट असतें तें इतकें आठवत नाहीं, असा आमचा जुना अनुभव आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं स्नेह्यांना निरोप धाडून ती तबकडी मागवून घेतली, आणि त्या मुलीविषयीं जें जें वाचावयास मिळालें तें वाचलें. पुढील मजकूर त्या वाचनाचें आणि पुष्कळशा पश्चात्तापाचें फळ आहे.

या गायिकेचें नांव पॉली स्टायरीन, आणि तिच्या संचाचें नांव एक्स-रे स्पेक्स. तिचें गाणें ज्या पंथांत मोडतें त्याला पंक रॉक म्हणतात. 'पंक' याचा इंग्रजी अर्थ टुकार, कुचकामाचा पोरगा. १९७६ सालीं इंग्लंडची स्थिति मोठी बिकट होती. सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठीं हात पसरावा लागला आणि बेकारांची संख्या १० लाखांच्या वर गेली. शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या मुलांना काम नव्हतें, आणि ज्या रॉक संगीतानें त्यांच्या थोरल्या भावंडांना वेड लावलें होतें तें आतां श्रीमंत व निष्णात वादकांच्या हातीं जाऊन लांबलचक आणि सुस्त झालें होतें. या मुलांनीं ठरविलें कीं निष्णात होण्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. गिटारीवरचे तीन कॉर्ड आले कीं संच काढावा आणि जें बोलावयाचें तें अडीच मिनिटांत बोलून मोकळें व्हावें. अटच इतकी सोपी झाल्यामुळें जीं माणसें आजवर रंगमंचाच्या पायरीवरच अडविलीं जात तीं आंत शिरलीं. त्यांत मुली पुष्कळ होत्या. अमेरिकेंत पॅटी स्मिथनें १९७५ मध्यें वाट मोकळी केलीच होती. लंडनमध्यें सूझी सू, 'स्लिट्स' या संचांतील मुली आणि आमची ही पॉली तिच्या मागोमाग आल्या.

तिचें खरें नांव मेरिअन जोन एलियट-सईद. ३ जुलै १९५७ रोजीं लंडनलगतच्या ब्रॉम्ली येथें तिचा जन्म झाला. आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, वकिलाच्या कचेरींत चिटणिसाचें काम करणारी. बाप सोमालियाहून आलेला. मुलें वाढविलीं तीं आईनें एकटीनें, लंडनच्या ब्रिक्स्टन भागांत. त्या काळच्या इंग्लंडांत गोऱ्यांच्या दृष्टीनें ही मुलगी काळी होती आणि काळ्यांच्या दृष्टीनें पुरती काळी नव्हती. दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर उभें राहणाऱ्या माणसाला दोन्ही घरांतील सामान मात्र स्वच्छ दिसतें, आणि तिच्या गीतांतील तीक्ष्ण नजर या उंबरठ्यावरच तयार झाली असावी, असें आम्हांला वाटतें. पंधराव्या वर्षीं खिशांत ३ पौंड घेऊन ती घराबाहेर पडली आणि हिप्पी मंडळींच्या गानमेळ्यांतून गांवोगांव भटकली. १९७६ मध्यें मारी एलियट या नांवानें तिची रेगे पद्धतीची एक छोटी तबकडीहि निघाली. तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

त्याच वर्षीं ३ जुलै रोजीं, म्हणजे आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशीं, हेस्टिंग्ज या समुद्रकांठच्या गांवीं धक्क्यावरील सभागृहांत तिनें सेक्स पिस्टल्स या संचाचा कार्यक्रम ऐकला. त्या वेळीं त्यांना फारसें कोणी ओळखत नव्हतें. आपल्याएवढींच मुलें, आपल्याहून अधिक निष्णात नसलेलीं, बेधडक उभीं राहून गात आहेत, हें पाहून तिनें परत आल्यावर 'मेलडी मेकर' या संगीतविषयक साप्ताहिकांत जाहिरात दिली आणि तरुण पंकांना हांक मारली. जमलेल्या संचांत सूझन व्हिटबी नांवाची एक शाळकरी मुलगी सॅक्सोफोन घेऊन आली. तिनें लोरा लॉजिक हें नांव घेतलें. ज्या पितळी आवाजानें आमची चहाची संध्याकाळ बिघडविली त्याची मूळ उत्पादक ती.

आतां नांवाविषयीं. लंडनच्या किंग्ज रोडवरील बोफोर्ट मार्केटांत पॉलीचा एक लहानसा गाळा होता. तेथें ती जुने, चमत्कारिक कपडे आणि प्लॅस्टिकचे अलंकार विकी. गाण्यासाठीं नवें नांव हवें म्हणून तिनें व्यापाऱ्यांच्या पत्त्यांची पिवळ्या पानांची निर्देशिका उघडली, आणि पॉलिस्टायरीन हा शब्द तिला आवडला. आमच्याकडे ज्याला थर्मोकोल म्हणतात तो याच पदार्थाला फुगवून केलेला असतो. हलका, स्वस्त, वापरून फेंकून देण्याजोगा. गायक प्रसिद्ध झाला कीं लोक त्याला असेंच वापरतात आणि फेंकतात, म्हणून आपण आधींच ती चिठ्ठी कपाळावर लावून घ्यावी, असा त्यांत विनोद होता. संचाचें नांव तिनें अमेरिकन चित्रकथांच्या मागील पानांवरील जाहिरातींतून घेतलें. हा चष्मा लावला कीं वस्तूंच्या आरपार दिसतें, असें सांगून मुलांच्या गळ्यांत बांधलेलें तें एक फसवें खेळणें. नांवांतच फसवणूक कबूल करणारी आणि तरीहि आरपार पाहूं म्हणणारी ही मुलगी पहिल्याच दिवसापासून स्वतःच्या धंद्याविषयीं सावध होती.

तिची पहिली प्रसिद्ध तबकडी, 'ओ बॉन्डेज अप युअर्स!', सप्टेंबर १९७७ मध्यें व्हर्जिन कंपनीनें काढली. मुलीच्या जातीनें कसें असावें याविषयीं इंग्रजी घरांतून जो उपदेश चाले, त्याचा उल्लेख ती आरंभीं अगदीं गुणी मुलीच्या मंजुळ आवाजांत करते, आणि पुढच्याच क्षणीं जी आरोळी ठोकते तिनें तो उपदेश कायमचा बहिरा होतो. 'बॉन्डेज' म्हणजे बंधन. त्या वेळीं साखळ्या आणि पट्टे लावलेले कपडे पंक मुलांत लोकप्रिय होऊन दुकानांत चढ्या किंमतीस विकले जात होते. बंधन हेंच विकत घेण्याजोगें सामान झालें होतें. पुरुषानें घातलेलें, बाजारानें घातलेलें आणि हौसेनें स्वतःच घालून घेतलेलें, अशीं तिन्ही बंधनें तिनें एका आरोळींत गोळा केलीं.

त्या आवाजाचें वर्णन करूं लागलों तर आमचे नेहमींचे शब्द अपुरे पडतात. तो गोड नाहीं आणि नुसता कर्कशहि नाहीं. सूर ती सोडते असें वाटतां वाटतां ती त्याच्या डोक्यावर जाऊन बसते. वाक्याच्या शेवटीं आवाज खालीं यावा अशी आपली अपेक्षा असते, तेथें तो वर उडतो. बाजारांत हरवलेलें मूल आईला हांक मारतें तेव्हां तें सूर शोधीत बसत नाहीं, तरी ती हांक साऱ्या गोंगाटांतून नेमकी आईपर्यंत पोहोंचते. पॉलीचा आवाज त्या जातीचा आहे. प्रथम ऐकतांना आम्हांला त्यांतील गोंगाट ऐकूं आला होता. हांक ऐकूं यावयास आठ दिवस लागले.

नोव्हेंबर १९७८ मध्यें संचाची मोठी तबकडी निघाली : 'जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स'. तोंवर लोरा लॉजिक संचांतून गेली होती आणि सॅक्सोफोन रूडी थॉमसन वाजवीत होता. नांवाचा अर्थ जंतुविरहित तरुण-तरुणी. नामगीतांत स्वच्छतेच्या वेडानें पछाडलेलें एक प्रेमी जोडपें आहे, आणि दांत घासण्यापुढें त्यांची प्रीति पाऊल टाकूं शकत नाहीं. दुसऱ्या एका गीतांत वुलवर्थ्स या स्वस्त मालाच्या दुकानांत राबणारा मुलगा मनांतून योद्धा आहे. कोठें आरसा आहे आणि त्यांत पाहणाऱ्या मुलीला आपण खरी कीं मासिकांतील चित्र खरें हें कळेनासें झालें आहे; कोठें माणसाच्या प्रती काढणारें शास्त्र आहे; कोठें साऱ्या जगाला एकच झगझगीत कृत्रिम रंग चढला आहे; कोठें मन म्हणजे जाहिरातींनीं भरलेली प्लॅस्टिकची पिशवी झालें आहे. हीं गीतें बहुतेक सारीं तिनें स्वतः रचलीं, आणि तीं रचतांना ती वीस-एकवीस वर्षांची होती.

यांत तिचें खरें वैशिष्ट्य कोणतें? बाजाराविरुद्ध उपदेश करणारे कवि आमच्याकडेहि आहेत. ते उंच जागीं उभे राहून खालच्या गर्दीला दोष देतात. पॉली गर्दींत उभी आहे. ती स्वतः गाळा चालवीत होती. प्लॅस्टिकचे बांगडे तिला मनापासून आवडत. त्या भडक रंगांत तिला आनंद होता आणि भीतिहि होती. आपण गिऱ्हाईक आहों, दुकानदार आहों आणि फळीवर मांडलेला मालहि आहों, हें तिला एकाच वेळीं ठाऊक होतें. म्हणून तिच्या टीकेंत तुच्छता नाहीं. जिला स्वतःलाच हा ज्वर चढला आहे ती ज्वराचें वर्णन करीत आहे. तें ऐकतांना आपण आपलें कपाळ चांचपून पाहतों. वुलवर्थ्सचीं ब्रिटनमधील शेवटचीं दुकानें जानेवारी २००९ मध्यें बंद झालीं; त्या दुकानांतल्या मुलाचें मन मात्र आजहि पदोपदीं भेटतें.

तिचा माल व्हावा म्हणून प्रयत्न करणारे थोडे नव्हते. गाणारी मुलगी म्हटली कीं तिच्या रूपाची जाहिरात करावी, हा त्या धंद्याचा नियम. कोणीं मला तसली मोहिनी बनवूं पाहिलें तर मी मुंडण करीन, अशा अर्थाचें ती पूर्वींच बोलून चुकली होती. ३० एप्रिल १९७८ रोजीं लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कांत वर्णद्वेषाविरुद्ध प्रचंड मेळावा भरला. ट्रफाल्गर चौकापासून मोर्चा चालत आला. 'क्लॅश', 'स्टील पल्स' इत्यादि संच गायले. हजारोंच्या गणतीनें माणसें जमलीं. त्या गर्दीपुढें पॉलीनें डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि लोकांना केंस नसलेलें डोकें दिसलें. आमच्या समाजांत बाईच्या मुंडणाचा इतिहास वेगळा आणि क्रूर आहे. विधवेचे केंस तिच्या मताविरुद्ध उतरवीत, कारण ती कोणाच्या दृष्टीस पडण्याजोगी राहूं नये. तें आठवल्यामुळें हा प्रसंग वाचतांना आम्ही क्षणभर दचकलों. परंतु येथें वस्तरा ज्याच्या त्याच्या हातीं होता, आणि केंस उतरवून ही मुलगी लपली नाहीं; ती सर्वांपुढें उभी राहून गायली.

मात्र हा प्रसंग निव्वळ विजयाचा म्हणून सांगितला तर तो खोटा होईल. मुंडण करणाऱ्या त्या मुलीचें मन त्या वेळीं अतिशय थकलेलें होतें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या प्रसिद्ध गानगृहांत तिचे कार्यक्रम झाले होते. ज्या कृत्रिम जगाविषयीं ती गात होती तें तेथें तिनें दसपट मोठें पाहिलें. पुढें इंग्लंडांतील डॉन्कास्टर येथें कार्यक्रमानंतरच्या रात्रीं खिडकींतून आकाशांत तिला एक झळझळीत गुलाबी प्रकाश दिसला, आणि नंतर ज्या वस्तूला हात लावावा ती तडतडते असें वाटूं लागलें. तिला रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. डॉक्टरांनीं स्किझोफ्रेनिया हें निदान केलें, आणि तें चुकीचें होतें. खरा विकार बायपोलर हा आहे, हें ठरावयास १९९१ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत काय काय औषधें आणि काय काय शंका तिनें गिळल्या असतील, याची कल्पनाच करावी.

१९७९ मध्यें तिनें संच सोडला. बीबीसीनें तिच्यावर एक माहितीपट दाखविला तो त्याच वर्षीं; विक्रीच्या याद्यांत तिच्या तबकड्या झळकत होत्या, 'जर्मफ्री ॲडोलेसन्ट्स' हें नामगीत तर पहिल्या वीसांत पोहोंचलें होतें. अशा वेळीं गायक थांबला कीं लोक त्याला वेडा म्हणतात; हिला तर डॉक्टरांनींच तें म्हणून ठेवलें होतें. १९८० मध्यें 'ट्रान्सल्यूसन्स' नांवाची तिची एकटीची तबकडी आली. ती इतकी शांत आणि हळवी आहे कीं आरोळीसाठीं आलेल्या श्रोत्यांनीं तिच्याकडे पाठ फिरविली. आम्हांला ती आवडते. जो आवाज आभाळ फाडूं शकतो तो कुजबुजतो तेव्हां त्या कुजबुजीलाहि वजन येतें.

यानंतरचा भाग आमच्या देशबांधवांना विशेष आवडण्याजोगा आहे. १९८३ मध्यें ती हरे कृष्ण पंथांत गेली आणि लंडनजवळच्या भक्तिवेदान्त मॅनर या मठांत राहूं लागली. ही वास्तु जॉर्ज हॅरिसन यानें १९७३ मध्यें पंथाला दिलेली. लोरा लॉजिकहि याच पंथांत आली होती. जी मैत्री गाण्याच्या धंद्यांत तुटली ती टाळमृदंगाच्या गजरांत पुन्हां जुळली, आणि १९९५ मध्यें दोघींनीं मिळून एक्स-रे स्पेक्सची दुसरी मोठी तबकडी काढली. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांना आम्हीं ही हकीकत सांगितली तेव्हां ते डोळे मिटून म्हणाले, "शेवटीं आमच्याच देवापाशीं आली म्हणायची!" त्यांच्या समाधानांत आम्हांला सहभागी होतां आलें नाहीं. जिनें जन्मभर कोणाच्याहि कपाटांतील वस्तु होण्याचें नाकारलें तिला आपण आपल्या देवघरांतल्या फळीवर बसवूं लागलों. ती तेथें शांति शोधावयास गेली, आणि थोडीबहुत शांति तिला लाभली. परंतु विकार देवळाच्या दारांत चपला काढून ठेवाव्या तसा बाहेर राहत नाहीं.

याची किंमत कोणीं दिली? १९८१ मध्यें तिला एक मुलगी झाली होती : सेलेस्ट बेल. मुलीचे आरंभींचे दिवस मठांत, आईच्या चढत्या-उतरत्या मनःस्थितीच्या सावलींत गेले, आणि पुढें ती आजीपाशीं वाढली. एकीकडे हजारो अपरिचित मुलींना धीर देणारी आई, आणि दुसरीकडे तिचीच लेक धीरासाठीं आजीकडे पाहणारी. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते, कारण येथून पुढें निबंधकाराला मोह होतो तो निकाल देण्याचा. असा निकाल पुरुष कलावंतांच्या बाबतींत कोणी मागत नाहीं. कवि उत्तम असला कीं तो बाप कसा होता हें त्याच्या चरित्राच्या तळटीपेंत जातें. सेलेस्टनें २०१९ मध्यें झोई हाव यांच्या साहाय्यानें आईवर 'डे-ग्लो' हें पुस्तक केलें, आणि २०२१ मध्यें पॉल संग यांच्यासह 'पॉली स्टायरीन : आय ॲम अ क्लीशे' हा चित्रपट. त्यांत आईच्या डायऱ्यांतील उतारे रूथ नेगा या अभिनेत्रीनें वाचले आहेत. तुझी आई चांगली आई होती काय, असें लोक विचारतात, याची ती आरंभींच वाच्यता करते, आणि सोपें उत्तर देत नाहीं. राग लपवीत नाहीं, प्रेमहि लपवीत नाहीं. आईनें जगाविषयीं जी सचोटी दाखविली तीच लेकीनें आईविषयीं दाखविली, यापेक्षां मोठा वारसा कोणता असूं शकेल, हें आम्हांला सुचत नाहीं.

सप्टेंबर २००८ मध्यें लंडनच्या राउंडहाऊस या सभागृहांत पॉली पुन्हां आपलीं जुनीं गीतें गायली. मार्च २०११ च्या अखेरीस 'जनरेशन इंडिगो' ही तिची नवी तबकडी बाहेर आली, आणि २५ एप्रिल रोजीं स्तनाच्या कर्करोगानें तिचें निधन झालें. वय ५३. सारा हिशेब मांडला तर मूळ संचाच्या छोट्या तबकड्या पांच आणि मोठी एक. गाजलेला काळ अवघा दोन-अडीच वर्षांचा. परंतु १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ज्या मुलींनीं 'रायट गर्ल' या नांवाची चळवळ उभारली त्यांनीं आपल्या पूर्वसूरींत तिला मानाचें स्थान दिलें. 'बिकिनी किल' या संचाची कॅथलीन हॅना तिचें ऋण सांगते. आणि गायिका नेने चेरीनें, जिचे आईबापहि दोन वर्णांचे, पॉलीमुळें आपल्याला आपला आवाज सांपडला असें म्हटलें आहे. गोऱ्या मुलांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या संगीताच्या इतिहासांत पहिल्याच वर्षीं एक सांवळी, तारांच्या दातांची मुलगी मध्यभागीं उभी होती, हें आतां कोणाला पुसतां येणार नाहीं.

तिनें घेतलेल्या नांवाचा विनोद येथें उलटतो. वापरा आणि फेंका, असें म्हणून ती ज्या पदार्थाच्या नांवानें उभी राहिली तो पदार्थ वापरणें सोपें. फेंकणें मात्र कोणालाच साधलेलें नाहीं. आमच्याकडे गणपतीचीं मखरें याच थर्मोकोलचीं होत असत. देव पाण्यांत विरघळे, आणि मखर पुढील वर्षीं त्याच नदीच्या कांठीं अडकलेलें सांपडे. अखेर २०१८ मध्यें महाराष्ट्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पॉलीचें गाणें टिकण्यासाठीं केलेलें नव्हतें. तें त्या क्षणापुरतें होतें. तरी तें अजून कुजलेलें नाहीं.

आमच्या पुतणीच्या दातांवरील तारा गेल्या वर्षीं निघाल्या. दांत सरळ झाले आहेत. ती तबकडी स्नेह्यांना परत करावयाची होती, म्हणून देण्यापूर्वीं आम्हीं ती एकदां मोठ्या आवाजांत लावली, आणि तिला बोलावून बाजूला बसविलें. गाणें संपल्यावर त्या लग्नांतील आमच्या सूचनेविषयीं आम्हीं तिची क्षमा मागितली. तिला तो प्रसंग आठवत असेल कीं नाहीं अशी शंका होती. ती म्हणाली, "आठवतो ना!" आणि मग खिडकीकडे पाहत राहिली. कांहीं वेळानें एकाएकीं तिला कशाचें तरी हंसूं आलें. हात मात्र संवयीनें तोंडाकडे गेलाच.

लग्नाचा तो फोटो आमच्या दिवाणखान्यांत टांगलेला आहे. त्यांत सर्वांचीं तोंडें मिटलेलीं आहेत. येणारे-जाणारे त्याची तारीफ करतात.